शेवटची लोकल आधी बघा : पहिल्यांदा गिगला जाणाऱ्यांसाठी

परवा ऑफिसात एका नव्या मुलीने विचारलं, "मला एका इंडी बँडच्या गिगला जायचंय, पण ग्रुपमध्ये कुणालाच रस नाही. एकटी गेले तर विचित्र दिसेल का?" मी म्हटलं, तिथे बरीच माणसं एकटीच आलेली असतात. हातात ग्लास असतो म्हणून ती कुणाची तरी वाट बघतायत असं वाटतं, एवढंच. मग दोन कटिंग संपेपर्यंत तिला जे सांगत बसले, ते इथे लिहून काढलंय. मी डोंबिवलीची, त्यामुळे उदाहरणं मुंबईची आणि घड्याळ मध्य रेल्वेचं. पुणेकरांनी लोकलच्या जागी आपली दुचाकी धरावी, बाकी सगळं तेच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. गिग म्हणजे बँडचा प्रत्यक्ष समोर होणारा कार्यक्रम. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. स्वतःची गाणी स्वतः लिहिणारा, बहुधा स्वतःच्याच खिशातून रेकॉर्डिंग करणारा, सिनेमाच्या गाण्यांवर पोट नसलेला बँड. भाषेचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘अभंग रिपोस्ट’ची मुलं संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्सच्या साथीने गातात, पुण्याचे ‘ईझी वाँडरलिंग्ज’ इंग्रजीत गातात, दोन्ही इंडीच. आणि हे काही कालचं खूळ नाही. ऐंशीच्या दशकातला मुंबईचा ‘रॉक मशीन’ पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. ‘आय-रॉक’ हा महोत्सव १९८६ साली सुरू झाला आणि बरीच वर्षं धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली गाजला.

मग रंगभवन शांतता क्षेत्रात आलं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरच्या आत लाउडस्पीकर नको असा नियम, आणि तिथे तर आजूबाजूला हे सगळंच. मोठ्या आवाजाचे कार्यक्रम तिथून हलले. एरवीही उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. हा नियम नवख्याने लक्षात ठेवावा, कारण वेळेचं सगळं गणित त्यावर आहे. लॉनवरचा कार्यक्रम असेल तर तो दुपारी चार-पाचला सुरू होतो आणि दहाच्या ठोक्याला संपतो, गाणं अर्धवट असलं तरी. बंद जागेतला, म्हणजे बहुतेक वेळा बारमधला, नऊला सुरू होतो आणि मध्यरात्रीच्या आसपास आटोपतो. पोस्टरवर आठ लिहिलेलं असतं. ती दार उघडायची वेळ.

कुठला गिग निवडायचा

पहिलाच अनुभव म्हणून मोठा फेस्टिव्हल नको. ‘एनएच ७ वीकेंडर’ पुण्यात २०१० साली सुरू झाला तेव्हापासून आपल्याकडे फेस्टिव्हलला जाणं म्हणजेच गिगला जाणं असा समज झालाय. चार स्टेज, हजारो माणसं, पार्किंगपासून दीड किलोमीटर चाल, आणि बँड दिसतो तो पडद्यावर. मजा येते, पण ती जत्रेची. सुरुवातीला मधल्या वारी, बुधवार-गुरुवारी, दोन किंवा तीन बँड असलेला छोटा कार्यक्रम निवडा. तिकीट तीनशे ते हजाराच्या दरम्यान असतं, माणसं शंभरेक, आणि ड्रमरच्या कपाळावरचा घाम दिसेल इतक्या जवळ उभं राहता येतं.

असे कार्यक्रम वर्तमानपत्रात येत नाहीत. दोन-तीन जागांची इन्स्टाग्राम खाती फॉलो करा, तेवढं पुरतं. तिकिटं ‘बुकमायशो’, ‘डिस्ट्रिक्ट’ किंवा ‘स्किलबॉक्स’वर मिळतात. पोस्टरवर सगळ्यात खाली बारीक अक्षरात जे नाव असतं ते आधी वाचा. तो ओपनिंग बँड, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा. त्याच्याबद्दल पुढे बोलणार आहेच.

जाण्याआधी प्रत्येक बँडची दोन-तीन गाणी ऐका. सगळी नको. एखादं धृपद ओळखीचं असलं की गर्दीत आपलाही आवाज मिसळतो, आणि उरलेली गाणी पहिल्यांदा समोर ऐकायची गंमत शिल्लक राहते. नमुन्यादाखल बाहेरगावचे ऐकायचे असतील तर बंगळुरूचा ‘थर्मल अँड अ क्वार्टर’, दिल्लीचा ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’, चेन्नईचा ‘द एफ-सिक्स्टीन्स’. मुंबईचा हवा असेल तर वॉरन मेंडोन्साचा ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’. त्यात गाणारं कुणी नाही असं ऐकून बिचकू नका, गिटारच बोलते.

तिकीट घेताना

तिकिटाखालची बारीक अक्षरं वाचा. ‘कव्हर चार्ज’ लिहिलेलं असेल तर ते पैसे आत खाण्यापिण्यात वळते होतात का, ते बघा. ‘रिडीमेबल’ असेल तर होतात. नुसतं ‘एंट्री’ असेल तर ते बँडचे आणि जागेचे, तुम्हाला त्यात समोसासुद्धा मिळणार नाही. दुसरी गोष्ट वयाची. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून बऱ्याच बारवाल्या जागा रात्री २१ च्या खाली आतच घेत नाहीत. तुम्ही लिंबू सरबत पिणार असाल तरी. वयाचा मूळ पुरावा किंवा ‘डिजिलॉकर’ जवळ ठेवा, आधारचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला धूसर फोटो चालत नाही.

वय कमी असेल तर कॉलेज फेस्टिव्हल आहेत. आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’तली ‘लाइव्हवायर’ स्पर्धा ही नव्या बँडना ऐकायची चांगली जागा. कॅफेत, पुस्तकाच्या दुकानात संध्याकाळी होणारे छोटे कार्यक्रमही बघा.

दारू घ्यायलाच हवी असं कुणीही म्हणत नाही. मी घेत नाही आणि इतक्या वर्षांत मला एकदाही कुणी विचारलेलं नाही. पाण्याची बाटली मात्र महाग पडते, तेवढं मनाशी धरून जा.

गेस्टलिस्टसाठी, म्हणजे फुकट आत सोडायच्या यादीसाठी, ओळख काढू नका. बँडमधला मुलगा तुमच्या भावाचा वर्गमित्र असला तरी पाचशे रुपयांचं तिकीट घ्या. छोट्या कार्यक्रमात कित्येकदा दारावर जमलेले पैसेच वाटून घेतात. वीस जण फुकट आत गेले, तर सामानाच्या टेम्पोचं भाडं बँडच्याच अंगावर पडतं.

परतीची गाडी

हे मी तिकिटाच्या आधीच सांगायला हवं होतं. माझ्या गिग बघण्याच्या आयुष्यातलं सगळं शहाणपण इथे खर्ची पडलंय.

सोपं उदाहरण घ्या. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ साली ‘ब्लूफ्रॉग’ हे गिगचं ठिकाण सुरू झालं. २०१६ साली ते बंद पडलं, पुढे त्याच आवारात ‘अँटीसोशल’ आलं. गिरणीच्या त्याच जागेत एकेकाळी तिसरी पाळी सुटायची, आता दुसरा बँड सुटतो. पत्ता लोअर परळ असल्यामुळे नवखा माणूस पश्चिम रेल्वेच्या लोअर परळलाच जातो आणि मग दादरला जिने चढतो. डोंबिवली-कल्याणवाल्यांनी ते करू नये. मध्य रेल्वेचं करी रोड तिथून चालत दहाएक मिनिटांवर आहे. फक्त तिथे धीमीच गाडी थांबते, म्हणजे घरी पोचायला वेळ जास्त धरा.

शेवटची गाडी साधारण साडेबाराच्या आगेमागे असते, पण ‘साधारण’वर जाऊ नका, वेळापत्रक बदलत असतं. त्या दिवशीची वेळ एम-इंडिकेटर अ‍ॅपवर बघा, आणि आपल्या मनात तिच्या आधीची गाडी हीच शेवटची असं ठरवून टाका. शनिवारी रात्री ब्लॉक नाही ना, तेही बघा. मी एकदा शेवटचं गाणं ऐकायच्या मोहात पडले आणि दादरच्या फलाटावर साडेचारची वाट बघत बसले. सोबतीला फुलमार्केटला निघालेली माणसं होती, चहा मिळाला, कुणी त्रास दिला नाही. घरी आईने मात्र जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बायकांसाठी : रात्री महिला डब्यात पोलीस असतो, तो ज्या डब्यात दिसेल त्यातच चढा. लोहमार्ग पोलिसांचा नंबर १५१२, तो फोनमध्ये घालून ठेवा. टॅक्सी करायची असेल तर गर्दी सुटायच्या पाच मिनिटं आधी बाहेर या, नाहीतर भाडं चढतं. पुण्यात मेट्रोच्या भरवशावर परतीचा बेत आखू नका. आणि फोनची बॅटरी. चार्ज संपला तर तिकीट, गाडी, रिक्षा, घरचा फोन, सगळं एकदम बंद.

काय घालायचं, काय न्यायचं

काळा टी-शर्ट सक्तीचा नाही. बूट मात्र बंद हवेत, कारण पायावर पाय पडतातच आणि फरशी सांडलेल्या बिअरने चिकट झालेली असते. दोन-तीन तास उभं राहायचंय, भारतीय बैठक ‘सवाई’ला, इथे नाही.

बॅग जितकी लहान तितकं बरं. मी पहिल्यांदा थेट ऑफिसातून गेले होते. दारावरच्या बाउन्सरने बॅगेतून डबा काढला, झाकण उघडलं, आणि टॉर्च मारून म्हणाला, "मॅडम, हे काय?" म्हटलं, "भेंडी." मागे तीस माणसं रांगेत. त्याने गंभीरपणे झाकण लावून डबा परत दिला, पण स्टीलची बाटली, डिओ आणि छत्री ठेवून घेतली. बिल्ला दिला. निघताना घाईत बिल्ला घेऊन तशीच आले, छत्री गेली. जुलै महिना होता.

ही एक गोष्ट मात्र न्याच : इअरप्लग. मेडिकलमध्ये फोमचे मिळतात, एका वडापावाच्या आसपासच्या किमतीपासून पुढे. घरात कुणी म्हणेल, ऐकायला जातेस आणि कान बंद करतेस? आवाज ८५ डेसिबलचा असेल तर आठ तास चालतो असं मानतात. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. छोट्या खोलीत ड्रम्सशेजारी शंभर गाठणं मुळीच कठीण नाही. घरी आल्यावर कानात शिटी वाजत राहते ती याचीच. कापसाचे बोळे कामाचे नाहीत. फोमचा प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. नीट बसला की आवाज कमी होतो आणि गंमत म्हणजे शब्द जास्त स्पष्ट कळतात.

आत गेल्यावर

वेळेवर जा. म्हणजे ओपनिंग बँडच्या आधी. माझं सगळं सांगणं एका वाक्यात बसवायचं तर हेच आहे. ज्यांची नावं आज तुम्हाला माहीत आहेत, त्यातले बहुतेक कधीतरी नऊला रिकाम्या खोलीत वाजवत होते.

एका गुरुवारी मी पोचले तेव्हा स्टेजवर तीन मुलं आणि खाली आम्ही अकरा जण, त्यातले दोन वेटर. ड्रमचा मोठा पडघम, ते त्याला किक म्हणतात, प्रत्येक ठोक्याला इंच-इंच पुढे सरकत होता. खाली गालिचा नव्हता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात ड्रमर डाव्या पायाने स्टूल पुढे ओढत त्याच्या मागे मागे जायला लागला. तिसऱ्या गाण्याआधी बँडचा एक मित्र बाहेरून फुटपाथवरचा पेव्हर ब्लॉक घेऊन आला, टॉवेलात गुंडाळून किकसमोर ठेवला आणि त्याच्यावर स्वतः पाठमोरा बसला. पुढची वीस मिनिटं तो तिथेच, गुडघे पोटाशी, पाठीत दणके खात. त्या मुलांनी त्या संध्याकाळी जे वाजवलं ते मुख्य बँडपेक्षा चांगलं होतं. मुख्य बँड आला तेव्हा खोली भरली होती आणि त्या भरलेल्या खोलीतल्या कुणाला हे माहीतच नव्हतं.

कुठे उभं राहायचं? साऊंडवाला जिथे त्याचं टेबल घेऊन बसलेला असतो, त्याच्या थोडं पुढे. तो जे ऐकतो त्यावरून मिक्स करतो, म्हणजे सगळ्यांचे आवाज जुळवतो, त्यामुळे खोलीतला सगळ्यात समतोल आवाज तिथेच असतो. अगदी पुढे गेलात तर ड्रम्स आणि गिटारचे अँप्लिफायर थेट अंगावर येतात, आणि गायकाचा आवाज बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून तुमच्या डोक्यावरून मागे जातो. मग लोक म्हणतात, गाण्याचे शब्द कळले नाहीत. कोपऱ्यात भिंतीला टेकून राहिलात तर बेस गोळा होऊन नुसता घुमतो. मी पहिला बँड मधे उभी राहून ऐकते आणि शेवटच्या बँडला दोन गाण्यांपुरती पुढे घुसते. साऊंडवाल्याच्या टेबलावर ग्लास ठेवू नका. त्याच्याशी गाणं चालू असताना बोलूही नका.

दोन बँडच्या मधे पंधरा-वीस मिनिटं नुसत्या वायरी हलतात. पाणी पिणं, स्वच्छतागृह आणि शेजारच्याशी बोलणं यासाठीची हीच वेळ. "आधी कधी ऐकलंय यांना?" या एका प्रश्नावर ओळख होते. एकटं आलेल्यांना हा प्रश्न पुरतो.

बाकीचे रीतिरिवाज फार नाहीत. हळू गाण्यात गप्पा मारू नका. छोट्या खोलीत तुमच्या भाड्याच्या फ्लॅटची कहाणी गायकालाही ऐकू जाते. मोबाइलवर एखादं गाणं टिपा, सगळा कार्यक्रम नको, मागच्याला तुमच्या स्क्रीनमधूनच बँड बघायला लागतो. कुठल्या तरी जुन्या इंग्रजी हिट गाण्याची फर्माईश करू नका. ते स्वतःची गाणी वाजवायला आलेत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नाहीत. ‘वन्स मोअर’ मात्र हक्काने द्या. संगीत नाटकाच्या प्रेक्षकांच्या नातवंडांना ते शिकवायची गरज पडू नये.

जड संगीताचा बँड असेल तर समोर एक मोकळं रिंगण तयार होतं आणि पोरं एकमेकांवर आदळायला लागतात. तो मॉश पिट. भांडण नाही. नको असेल तर चार पावलं मागे या, कुणी ओढत नाही. कुणी पडला तर आधी सगळे थांबून त्याला उचलतात, तुम्हीही उचला. पण कुणी त्या गर्दीचा फायदा घेऊन अंगचटीला आलं तर तो पिटचा भाग नाही. मोठ्याने बोला, बाउन्सरला सांगा. स्टेजवरून गाणं थांबवून अशा माणसाला बाहेर काढलेलं मी पाहिलंय.

संपल्यावर

दाराजवळ टेबल लावून टी-शर्ट, स्टिकर विकत असतील तर थांबा. सातशेचा टी-शर्ट महाग वाटतो, पण तुम्ही वर्षभर मोबाइलवर त्यांची गाणी ऐकून त्यांना जे मिळेल त्याच्यापेक्षा या एका टी-शर्टात जास्त मिळतं. यूपीआय चालतं. माप विचारून घ्या, त्यांचा मीडियम बहुधा लहान असतो.

बँडशी बोलायचं असेल तर वायरी गुंडाळून होऊ द्या. पुढचा बँड वाट बघत असतो, त्या दहा मिनिटांत त्यांना कौतुकही ऐकू येत नाही. फोटोंपेक्षा एखाद्या गाण्याचं नाव घ्या. आणि घरी जाऊन ओपनिंग बँडला फॉलो करा, नाव लक्षात नसेल तर पोस्टरचा फोटो आहेच.

त्या पेव्हर ब्लॉकवाल्या रात्री मी मनातल्या शेवटच्या गाडीसाठी वेळेत निघाले. करी रोडच्या फलाटावर बाकड्यावर त्या तीन मुलांतला बेस गिटारवाला बसला होता, बेस पायांच्या मधे उभा धरून. त्याला बदलापूरला जायचं होतं, वाद्यासकट मालडब्यातून. मला बघून तो ओळखीचं हसला, अकरा जणांतली एक म्हणून असेल. मी म्हटलं, छान वाजवलंत. तो म्हणाला, "ते जाऊ दे ताई, मागे आवाज कसा येत होता? खरं सांगा." मी खरं सांगितलं, की तिसऱ्या गाण्यापासून त्याचा बेस ऐकूच येत नव्हता. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. सात गाणी लिहिलेली होती, शेवटचं वेळ संपल्यामुळे खोडलेलं. तिसऱ्यासमोर त्याने पेनाने काहीतरी खूण केली, आणि गाडीचा दिवा दिसला तसा बेस उचलून मालडब्याच्या जागेकडे पळाला.